वांशिक न्यायाच्या कामात ४० वर्षांपुढचं भविष्यचित्र कसं वापरायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्या संस्था, वस्तीगट, कामगार संघटना आणि नगरपालिकेत बसून धोरणं लिहिणारे लोक यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरणं मुख्यतः अमेरिका, दक्षिण आफ्रिका आणि वेल्सची आहेत. या पद्धती तिथे प्रत्यक्ष वापरल्या गेल्या आणि त्या कुठे उपयोगी पडल्या, कुठे फसल्या, हेही तिथे दिसून आलं.

भविष्यचित्र म्हणजे नेमकं काय? ध्येयवाक्यापेक्षा ते वेगळं कसं?

"समतेवर आधारित समाज" या वाक्यावर कोणीही सही करेल. ज्या घरमालकाने कृष्णवर्णीय कुटुंबाला काल घर नाकारलं, तोही करेल. भविष्यचित्रात मात्र एक ठरावीक वर्ष असतं, एक ठरावीक जागा असते आणि एका माणसाचा अख्खा दिवस असतो. २०६५ साली या वस्तीत राहणारी पंचवीस वर्षांची मुलगी सकाळी कुठे उठते, ते घर कोणाच्या नावावर आहे, तिची आई बाळंतपणात सुखरूप राहिली का, रस्त्यात पोलिसाने गाडी थांबवली तर पुढच्या दहा मिनिटांत काय होतं. इतक्या तपशिलात उतरलं की सोबत काम करणाऱ्यांमधले मतभेद पहिल्यांदा उघडे पडतात. ते उघडे पडणं हा या पद्धतीचा पहिला फायदा.

हे भाकीतही नाही. चाललंय तसंच चालू राहिलं तर काय होईल, हे भाकीत सांगतं. इथे आधी काय व्हायला हवं ते ठरवायचं आणि तिथून एकेक पायरी मागे येत आजच्या कामापर्यंत पोहोचायचं. या मागे येण्याला उलटी आखणी म्हणतात, आणि खरी मेहनत तिच्यात आहे.

लोकांना आज मारहाण होतेय, आज घर रिकामं करायला लावतायत. अशा वेळी ४० वर्षांनंतरच्या गोष्टी कशाला?

कारण नुकसान करणाऱ्यांनी इतक्याच लांबचा विचार केला होता. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या एका सरकारी गृहकर्ज संस्थेने २०० हून अधिक शहरांचे नकाशे बनवले. हिरवा, निळा, पिवळा, लाल असे चार रंग होते. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास सरसकट लाल, म्हणजे कर्ज देण्यास धोकादायक, ठरवल्या गेल्या. ज्यांना घरकर्ज मिळालं त्यांची घरं फिटली, किंमत वाढली आणि मुलांना वारशाने मिळाली. ज्यांना मिळालं नाही त्यांची मुलं भाड्यानेच राहिली. पुढे १९५६ च्या कायद्याने देशभर महामार्गांचं जाळं आलं. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरातली राँडो ही भरभराटीची कृष्णवर्णीय वस्ती आंतरराज्य महामार्ग ९४ खाली गेली. दोन पिढ्यांत साचलेलं नुकसान तीन वर्षांच्या अनुदानातून भरून निघत नाही.

दुसरं कारण रोजच्या कामातलं आहे. संस्थेसमोर प्रस्ताव येतात: वस्तीत कॅमेरे बसवायला मदत करा, तीन वर्षांचा निधी देतो. पैसे हवेच असतात. अशा वेळी भिंतीवरच्या २०६५ कडे बोट दाखवून विचारता येतं की हे आपल्याला तिकडे नेतं की दुसरीकडे? "नाही" म्हणायला आधार मिळतो, आणि तो आधार एकट्या संचालकाच्या मतावर टिकलेला नसतो.

हे कधी खरोखर उपयोगी पडलंय का?

सगळ्यात ठळक उदाहरण दक्षिण आफ्रिकेच्या स्वातंत्र्य सनदेचं, म्हणजे गोऱ्यांच्या वर्णभेदी राजवटीत लोकांनी लिहिलेल्या मागणीपत्राचं. १९५३ मध्ये प्राध्यापक झेड. के. मॅथ्यूज यांनी सगळ्या लोकांची परिषद भरवण्याची कल्पना मांडली. स्वयंसेवक गावोगाव, खाणींत, कारखान्यांत, घराघरांत गेले आणि "स्वतंत्र देशात तुम्हाला काय हवं?" असं विचारून मागण्या गोळा केल्या. कोणी वहीच्या पानावर लिहून दिलं, कोणी हाती लागेल त्या कपट्यावर. २५ आणि २६ जून १९५५ ला जोहान्सबर्गजवळ क्लिपटाउन इथे जवळपास ३,००० प्रतिनिधी जमले. भारतीय वंशाच्या लोकांची काँग्रेसही त्यात होती. दहा कलमं एकेक करून वाचून मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी मैदान वेढलं आणि कागदपत्रं जप्त केली. डिसेंबर १९५६ मध्ये १५६ जणांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि सनद त्यातला पुरावा ठरली. १९६१ पर्यंत सगळे आरोपी सुटले.

सगळ्या वंशांच्या लोकांना मत देता आलं अशी पहिली निवडणूक १९९४ मध्ये झाली, म्हणजे सनदेनंतर ३९ वर्षांनी. १९९६ च्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत "हा देश इथे राहणाऱ्या सर्वांचा आहे" हा सनदेतला विचार आहे. चाळीस वर्षं तुरुंगात, परदेशात, भूमिगत पसरलेल्या लोकांना एका वाक्याने एकत्र धरलं.

पण तिची दुखरी बाजूही नीट पाहायला हवी. त्याच वाक्यावरून, जमीन मूळची कोणाची या प्रश्नावर, १९५९ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमधून एक गट फुटून वेगळा पक्ष झाला. मसुदा शेवटी मोजक्या लोकांनी लिहिला, ही टीका आजही होते. आणि जमीन, खाणी, संपत्ती यांबद्दलची कलमं सनदेत होती, पण तिथवर जाण्याच्या पायऱ्या तिच्यात नव्हत्या. मताधिकाराचं कलम प्रत्यक्षात आलं. १९१३ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांकडून हिरावलेल्या जमिनीचा प्रश्न मात्र अजून उभा आहे. चित्र जिथे पायऱ्यांविना राहिलं, नेमकं तिथेच काम अडलं.

"मॉन फ्लर"चं नावही घेतलं जातं. ते काय?

ती दुसऱ्या प्रकारची कवायत होती. १९९१-९२ मध्ये केप टाउनजवळ वेगवेगळ्या पक्षांचे, उद्योगांचे, संघटनांचे २२ जण बसले आणि २००२ पर्यंत देशाचं काय होऊ शकतं याच्या चार कथा रचल्या: वाळूत डोकं खुपसलेला शहामृग (गोरं सरकार तडजोडच करत नाही), लंगडं बदक (संक्रमण लांबत जातं), इकॅरस (नवं सरकार झेपत नसताना खर्च करतं आणि कोसळतं) आणि रोहित पक्ष्यांचं उड्डाण (सगळे मिळून हळूहळू वर). हे "काय हवं"चं चित्र नव्हतं, "काय घडू शकतं"चं होतं. विरोधक एका खोलीत बोलू लागले हा मोठा फायदा झाला. पण इकॅरसच्या भीतीने नव्या नेतृत्वाला खर्चाबाबत जास्तच सावध केलं, असा आक्षेप आहे, आणि आमच्या मते तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. कथा कोण रचतं यावर कोणत्या धोक्याला धोका म्हणायचं ते ठरतं. म्हणून आधी पीडित समाजाने आपलं हवं ते चित्र लिहावं आणि मगच अशा चार कथांवर ते घासून पाहावं. क्रम उलटा केला की लोक धोक्यांच्या चौकटीतच स्वप्न पाहतात.

किती वर्षं पुढे जायचं?

३० ते ५०. दहा वर्षांत आजचेच अधिकारी, आजचंच अंदाजपत्रक डोळ्यांपुढे राहतं आणि लोक मागण्यांची यादी लिहितात. शंभर वर्षांवर गेलं की सगळं परीकथेसारखं होतं, कोणाला जबाबदार धरता येत नाही. चाळीस वर्षांनी आज खोलीत असलेली विशीतली मुलं साठीची असतील. निकाल पाहणारा माणूस खोलीत बसलेला असला की बोलणं गंभीर होतं.

मग तारीख ठरवली की झालं का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करायला मर्यादित परवानगी दिली. त्या निकालात न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी २५ वर्षांनी याची गरज उरणार नाही अशी अपेक्षा लिहिली. शाळांचा निधी, घरं, संपत्ती यांत त्या २५ वर्षांत काय बदलायचं याची कुठेही आखणी नव्हती. २०२३ मध्ये, मुदतीच्या पाच वर्षं आधीच, न्यायालयाने ती परवानगी काढून घेतली.

आपल्याकडचं उदाहरण मराठी वाचकांना माहीत आहे, पण बहुतेक वेळा चुकीचं सांगितलं जातं. संविधानाच्या कलम ३३४ मधली दहा वर्षांची मुदत फक्त लोकसभा आणि विधानसभांमधल्या राखीव जागांना आहे, नोकरी-शिक्षणातल्या आरक्षणाला नाही. ती दर दहा वर्षांनी वाढत आली आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०३० पर्यंत आहे. मुदत संपायच्या आधी कोणती परिस्थिती यायला हवी, ती कोण मोजणार, हे कलमात नाही. म्हणून दर वेळी चर्चा फक्त "वाढवायची की नाही" एवढ्यावर होते.

नुसती तारीख विरोधकाच्या हातात घड्याळ देते. तारखेसोबत अट लिहा: अमुक तफावत अमुक पातळीला येईपर्यंत, अमुक संस्थेने दरवर्षी मोजून.

भविष्याबद्दल बोलायचं तर भूतकाळ किती घ्यायचा?

पुढे जाल त्याच्या दुप्पट मागे. चाळीस पुढे, तर ऐंशी मागे. खाकी कागदाचा सहा मीटर लांब पट्टा भिंतीवर लावा आणि एका मीटरला २० वर्षं धरा. १९४५ ते २०६५ अशी १२० वर्षं बरोबर मावतात. डावीकडून चार मीटरवर आजची उभी रेघ येते. १९४५ च्या आधीचं डाव्या कडेला गोळा करा.

पट्ट्याच्या मधोमध आडवी रेघ मारा. रेघेच्या वर झालेलं नुकसान: कायदे, नकाशे, पाडलेली घरं. खाली लोकांनी उभारलेलं: शाळा, पतसंस्था, चर्च, जिंकलेले खटले, बसमधल्या वंशभेदाविरुद्ध ३८१ दिवस चाललेला माँटगोमेरीचा बस बहिष्कार. वरचाच भाग भरला तर खोलीत नुसती हताशा उरते. टल्सामधली ग्रीनवुड ही कृष्णवर्णीय वस्ती १९२१ मध्ये गोऱ्या जमावाने जाळली, ते वर येतं, आणि तीच वस्ती लोकांनी पुन्हा बांधली हे खाली. स्थानिक तपशील नगर अभिलेखागारातून आधी काढून ठेवा. मिनियापोलिसमध्ये १९१० पासून घरांच्या खरेदीखतांत "गोऱ्याखेरीज कोणाला विकू नये" अशी कलमं होती. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रकल्पाने ती खतं शोधून नकाशावर मांडली आणि चर्चेची पातळीच बदलली, कारण लोकांना आपल्या आजीच्या गल्लीचं नाव दिसलं.

खोलीत कोण असावं?

२४ जण, सहा-सहाची चार टेबलं. त्यातले किमान १६ ज्यांना थेट झळ बसते असे, आणि त्यातही सहा जण तिशीच्या आतले. संस्थेचे कर्मचारी, अधिकारी, गोरे सहकारी मिळून आठच्या वर नकोत, आणि अधिकारी पहिल्या बैठकीला नकोतच. पहिल्या तासात एकाने जरी "अंदाजपत्रकात बसत नाही" म्हटलं, की त्या टेबलावरचं भविष्य पुढच्या आर्थिक वर्षाएवढं आखूड होतं. दुसऱ्या बैठकीला त्यांना बोलवा: अर्धा तास ऐकायला, नंतर काम अंगावर घ्यायला.

वस्तीतल्या लोकांना मानधन द्या, आणि सल्लागाराला तासाला जे देता त्याच दराने द्या. बस-रेल्वेचं भाडं, मुलांना सांभाळायला माणूस, गरम जेवण आणि दुभाषी हे अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळींत लिहा. हे नसलं तर येतात फक्त मोकळा वेळ असलेले लोक.

दोन शनिवारांचा कार्यक्रम कसा आखायचा?

मध्ये एक आठवडा ठेवून दोन बैठका, प्रत्येकी साधारण पाच तास.

पहिली बैठक: ओळख आणि चहा अर्धा तास, भिंतीवरचा पट्टा भरायला सव्वा तास, वीस मिनिटं सुट्टी. मग प्रत्येक टेबलाने २०४० मध्ये जन्मलेली एक व्यक्ती ठरवायची. नाव, आडनाव, घरातली माणसं, काम. २०६५ मधला तिचा एक साधा मंगळवार उठल्यापासून झोपेपर्यंत लिहायचा, एक तास. सणाचा दिवस घेऊ नका, सणाला सगळेच सुखी असतात. त्यानंतर सव्वा तास मोठ्याने वाचन. ऐकणाऱ्यांच्या हातात दोन रंगांची कार्डं: हिरवं म्हणजे "हे मलाही हवं", केशरी म्हणजे "इथे माझं जमत नाही". केशरी कार्डं फेकू नका, दुसऱ्या बैठकीचं अर्धं काम त्यांच्यातूनच निघतं. एका टेबलाच्या मंगळवारी पोलीस ठाणंच नसतं, दुसऱ्याच्या मंगळवारी ठाण्याची प्रमुख वस्तीतलीच बाई असते. हा वाद मिटवायचा नाही, नोंदवायचा.

जपानमधल्या याहाबा गावात २०१५ पासून वापरलेली एक युक्ती इथे चांगली चालते. तिथे काही गावकऱ्यांना २०६० चे रहिवासी मानलं गेलं, त्यांनी वेगळे अंगरखे घातले आणि आजच्या गावकऱ्यांशी गावाच्या योजनांवर चर्चा केली. भविष्यातल्यांनी जास्त लांबचे, जास्त खर्चाचे पर्याय मांडले. आपल्या बैठकीत एक टेबल असं करा. बोलताना "त्यांना लागेल" म्हणायचं नाही, "आम्हाला लागलं" म्हणायचं.

दुसरी बैठक: पहिला तास चार वेगळ्या परिस्थितींवर चित्र घासून पाहायचं. हवाईतले भविष्यअभ्यासक जिम डेटर यांची विभागणी सोपी आहे: भरभराट, कोसळणं, कडक शिस्तीचं राज्य, संपूर्ण रूपांतर. मंदी आली तर आपल्या मंगळवारातलं काय उरतं? सरकार विरोधी झालं तर? चारही परिस्थितींत टिकणारी दोन-तीन वाक्यं हा चित्राचा गाभा. मग दोन तास उलटी आखणी आणि शेवटचा तास नावानिशी जबाबदाऱ्या.

उलटी आखणी प्रत्यक्ष कागदावर कशी दिसते?

एक नमुना घेऊ. गाभ्यातलं वाक्य: "२०६५ मध्ये वस्तीतल्या दर १० घरांपैकी ४ घरांची जमीन वस्तीच्या सामूहिक जमीन न्यासाकडे आहे, म्हणून भाववाढीने कोणी हाकललं जात नाही." असा न्यास जमीन विकत नाही, स्वतःकडेच ठेवतो आणि तिच्यावर राहणाऱ्यांना लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने देतो.

प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा: याच्या लगेच आधी काय खरं असायला हवं? २०६५ च्या आधी, २०५० ला, न्यासाकडे दर १० पैकी २ घरं आणि स्वतःचा दुरुस्ती निधी हवा. त्यासाठी २०४० ला नगरपालिकेचा नियम हवा की वस्तीतला सरकारी भूखंड विकताना पहिला हक्क न्यासाचा. त्यासाठी २०३३ ला न्यासाने पहिली पाच घरं चालवून दाखवलेली हवीत. त्यासाठी येत्या १८ महिन्यांत: न्यासाची नोंदणी, विश्वस्त मंडळ तीन समान भागांत (न्यासाच्या घरांत राहणारे, आजूबाजूचे रहिवासी, वकील-हिशेबनीस-प्रतिनिधी), कर थकलेल्या आणि रिकाम्या भूखंडांची यादी, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा मसुदा. प्रत्येक ओळीपुढे माणसाचं नाव, रक्कम, तारीख. नाव नसलेली ओळ खोडून टाका.

हे मॉडेल हवेतलं नाही. जॉर्जिया राज्यात १९६९ मध्ये शर्ली आणि चार्ल्स शेरॉड यांच्यासारख्या नागरी हक्क कार्यकर्त्यांनी 'न्यू कम्युनिटीज' नावाने जवळपास ५,७०० एकरांवर अमेरिकेतला पहिला सामूहिक जमीन न्यास उभा केला. मताधिकारासाठी उभं राहिलं म्हणून गोऱ्या जमीनमालकांनी कृष्णवर्णीय कुळांना हाकललं होतं, त्यावरचा हा उपाय. त्याच्या प्रेरणांमध्ये विनोबांची ग्रामदान चळवळही होती. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २०१३ मध्ये ग्रामदान स्वीकारलं, ते याच घराण्यातलं.

न्यू कम्युनिटीज कशामुळे पडलं? दुष्काळ आला तेव्हा सरकारी शेतीकर्ज गोऱ्या शेजाऱ्यांना वेळेवर मिळालं, यांना अडवलं गेलं. १९८५ मध्ये जमीन जप्तीत गेली. पुढे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या भेदभावाच्या दाव्यातून २००९ मध्ये सुमारे १.२ कोटी डॉलरची भरपाई मंजूर झाली आणि त्यातून जॉर्जियातल्याच अल्बनी शहराजवळ एक जुना मळा घेऊन काम पुन्हा सुरू झालं. म्हणून नमुन्यात दुरुस्ती निधीची पायरी २०५० ला घातली आहे. कर्ज देणारा विरोधात गेला तर किती महिने तग धरता येईल, ही पायरी कोणत्याही आखणीत गाळू नका.

पैसा कुठून येणार? हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो.

पहिल्या दिवशी त्याला पट्ट्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, उत्तर दुसऱ्या बैठकीत. इलिनॉयमधल्या इव्हॅन्स्टन शहराने २०१९ मध्ये गांजाविक्रीवरच्या करातून एक कोटी डॉलर वांशिक भरपाईला द्यायचं ठरवलं. २०२१ मध्ये पहिला कार्यक्रम मंजूर झाला: १९१९ ते १९६९ दरम्यान शहरात राहिलेल्या कृष्णवर्णीयांना किंवा त्यांच्या वारसांना घरासाठी २५,००० डॉलर. चांगली गोष्ट ही की नुकसान, काळ, पात्रता आणि पैशाचा स्रोत सगळं एका धाग्यात होतं. अडचण अशी आली की कर अपेक्षेपेक्षा कमी जमला आणि वयस्कर पात्र लोक वाट पाहत राहिले. पुढे मालमत्ता हस्तांतरणाच्या कराचा पैसाही जोडावा लागला, आणि २०२४ मध्ये कार्यक्रमाला न्यायालयात आव्हान मिळालं. एकाच करावर चित्र टांगू नका.

नगरपालिकेला किंवा सरकारला हे बंधनकारक करता येतं का?

येतं, पण कायद्याची फट आधी शोधा. मिनियापोलिसने डिसेंबर २०१८ मध्ये '२०४०' आराखडा १२ विरुद्ध १ मतांनी मंजूर केला. एका भूखंडावर एकच कुटुंब ही सक्ती शहरभर काढली, आणि कारण म्हणून वंशभेदी घरविक्रीचा इतिहास उघड मांडला. मग पर्यावरण कायद्याखाली दावा झाला, आराखडा न्यायालयात अडकला आणि २०२४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा बदलल्यावर मोकळा झाला. चांगल्या हेतूने केलेला दुसरा कायदा आपल्यावर कसा वापरला जाईल, हे वकिलाला आधी विचारा.

वेल्सने २०१५ मध्ये भावी पिढ्यांच्या हिताचा कायदा केला. सार्वजनिक संस्थांना सात उद्दिष्टं बंधनकारक झाली, त्यांत अधिक समान वेल्स हे एक, आणि देखरेखीला स्वतंत्र आयुक्त. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने २०३० पर्यंत वंशभेदविरोधी वेल्सचा कृती आराखडा काढला. आयुक्ताला निर्णय रद्द करण्याचा अधिकार नाही. तो विचारतो, अहवाल देतो, चारचौघांत उत्तर मागतो. आपल्या आराखड्यात किमान एवढं पद मागून घ्या.

२०४५ च्या सुमाराला अमेरिकेत गोरे अल्पसंख्य होणारच आहेत. मग सगळं आपोआप बदलेल ना?

तो जनगणना विभागाचा २०१८ चा अंदाज आहे. संख्या बदलल्याने सत्ता बदलत नाही. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीय कायमच बहुसंख्य होते. अशा आकड्यावर भविष्यचित्र उभारू नका.

जुन्या जखमा उघडतात, लोक रडतात. काय करायचं?

शेजारी शांत खोली आणि प्रशिक्षित समुपदेशक दोन्ही बैठकांना हवेत. हिंसेत माणूस गमावलेल्या कुटुंबाला आपली हकिकत पुन्हा सांगायला कधीही लावू नका. घटना पट्ट्यावर असेल, तेवढं पुरे. फोटो काढायचे तर चेहरे नकोत, हजेरीपत्रक वेगळं आणि कुलपात. क्लिपटाउनला पोलिसांनी काय उचललं हे लक्षात ठेवा.

मराठी माणसाचा याच्याशी काय संबंध?

जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केली. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढच्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून.

अमेरिकेतल्या मराठी मंडळांना यातून थेट काम आहे. तुमच्या पट्ट्यावर १९२३ टाका: पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंड यांनी आपण उच्चजातीय आर्य, म्हणून गोरे, असा दावा केला आणि सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारलं. १९६५ टाका: नागरी हक्क चळवळीच्या लाटेतच तो स्थलांतर कायदा झाला, ज्याने आपल्या आई-वडिलांना दार उघडलं. २१ फेब्रुवारी २०२३ टाका: सिॲटल हे जातिभेदावर बंदी घालणारं पहिलं अमेरिकी शहर झालं, ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत मूळच्या पुण्याच्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाचं तसंच विधेयक राज्यपालांनी नाकारलं. आडव्या रेघेच्या वर काय आणि खाली काय, यावर मंडळात वाद होईल. तो होऊ द्या, आणि दलित-बहुजन सभासदांना आधी बोलू द्या.

नंतर त्या कागदाचं काय?

दरवर्षी एकाच तारखेला दोन तास. तीन गोष्टी तपासायच्या: १८ महिन्यांच्या ओळींतलं काय झालं, कोणाचं नाव बदललं, बाहेर कोणते नवे संकेत दिसले. दर पाच वर्षांनी पूर्ण चित्र नव्याने लिहायचं, आणि त्या वेळी निम्मे लोक नवे हवेत. जुना पट्टा जपून ठेवा, नव्यांना तो आधी वाचू द्या.

आमच्याकडे दोन शनिवारही नाहीत.

मग नव्वद मिनिटांत करा. वीस मिनिटं भिंतीवर दहाच घटना, पाच वर आणि पाच खाली. तीस मिनिटं एका व्यक्तीचा २०६५ चा मंगळवार, सगळ्यांनी मिळून एकच. तीस मिनिटं त्यातल्या एका वाक्याची उलटी आखणी, चार पायऱ्यांत. शेवटची दहा मिनिटं फक्त यासाठी: येत्या महिन्यात पहिला फोन कोण, कोणाला करणार. नाव आणि तारीख लिहून त्याचा फोटो काढा, गटावर टाका आणि त्या तारखेला विचारा.